मे महिन्यातली मुलाखत: सूट हवा का?

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कारखान्यात मे महिन्यात मुलाखत आहे. बाबा सूट शिवायला सांगतात. शिवू का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : नको. वडोदऱ्यात मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. स्कूटरवरून सुटात पोहोचाल तेव्हा घामाने भिजलेले असाल. कारखान्यातल्या पदासाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गडद राखाडी किंवा नेव्ही ब्लू पँट पुरते.

शर्ट पांढरा घ्या. फिकट निळ्यावर आणि राखाडीवर काखेतला ओलावा लगेच उमटतो. आत बाह्यांचा बनियन हवाच. निव्वळ सुती कापड तासाभरात चुरगळते, त्यामुळे थोडे पॉलिएस्टर मिसळलेले बरे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसावी, ती खाली उतरली तर शर्ट मागून आणल्यासारखा दिसतो. कॉलरचे बटण लावल्यावर आत दोन बोटे जावीत. नवा शर्ट एकदा धुवा, म्हणजे घड्यांच्या रेषा जातील. किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा.

बूट बंदच हवेत, कारण मुलाखतीनंतर शॉप फ्लोअरवर, म्हणजे यंत्रे चालतात तिथे, नेण्याची शक्यता असते आणि तिथे सँडल चालत नाहीत. नवे असतील तर आठवडाभर आधी घरात वापरा, नाहीतर टाच सोलते. पट्टा बुटांच्या रंगाचा, मोजे पँटच्या.

स्कूटरवर जुना शर्ट घाला, इस्त्रीचा पिशवीत सपाट ठेवा. अर्धा तास आधी पोहोचा, घाम वाळू द्या, मग बदला. बाबांना सांगा, ते पैसे चांगल्या बुटांवर घालू.