लेस्टरला निघण्यापूर्वी: टिपच्या सामाईक वाटणीविषयी

सप्रेम नमस्कार. तुम्ही बडोद्याहून लेस्टरला शिकायला येत आहात, तिथल्या एका उपाहारगृहाने तुम्हाला आठवड्याला २० तासांचे काम देऊ केले आहे, आणि त्यांच्या पत्रात पगाराखेरीज ‘ट्रॉन्कमधील वाटा’ मिळेल असे लिहिले आहे. सयाजीगंजमधल्या थाळीच्या हॉटेलात टिपचा डबा शेठ स्वतः उघडत आणि मर्जीप्रमाणे वाटत, म्हणून इथेही तसेच चालते का, असे तुम्ही विचारले आहे. मी रावपुऱ्यात वाढले आणि आता लेस्टरमधल्याच एका उपाहारगृहात ही वाटणी करण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टिपा आणि सेवाशुल्क एकत्र करून ते कर्मचाऱ्यांत वाटण्याच्या व्यवस्थेला ट्रॉन्क म्हणतात, आणि वाटणी करणाऱ्याला ट्रॉन्कमास्टर. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपच्या वाटणीचा २०२३ चा कायदा लागू झाला आहे. त्यानुसार मालकाच्या हाती आलेली किंवा त्याच्या नियंत्रणाखाली असलेली टिपची सगळी रक्कम कर्मचाऱ्यांनाच मिळाली पाहिजे. कायद्याने लागणारा कर सोडला तर त्यातून काहीही कापता येत नाही. कार्डाच्या मशीनचा खर्च, फुटलेली ताटे किंवा बिल न देता निघून गेलेले गिऱ्हाईक, यांपैकी कशाचाही भार टिपवर टाकता येत नाही. बिलात लावलेले सेवाशुल्कही, जे अनेक ठिकाणी साडेबारा टक्के असते, याच नियमात येते. शिवाय टिप कितीही मिळाली तरी ती किमान वेतनात धरता येत नाही, हा नियम ऑक्टोबर २००९ पासूनचा आहे. एकवीस वर्षे व त्यावरील कामगारांसाठी एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पौंड असा दर ठरला होता. तो दर एप्रिलमध्ये बदलतो, म्हणून तुमच्या पत्रातला तासाचा आकडा रुजू होण्याच्या महिन्यात लागू असलेल्या दराशी ताडून पाहा.

आता खरा प्रश्न वाटणीचा. कायदा ‘न्याय्य आणि पारदर्शक’ वाटणी मागतो, पण सर्वांना सारखेच द्या असे म्हणत नाही. सरकारच्या आचारसंहितेत कामाचे स्वरूप, मूळ पगार, कामाचे तास, अनुभव आणि गिऱ्हाइकाचा हेतू अशा बाबी विचारात घेता येतात. यामुळे काय फरक पडतो ते एका कल्पित हिशेबाने सांगते. एका आठवड्यात ६०० पौंड जमले आणि वेटरांचे १२० व किचनचे १२० असे २४० तास भरले, तर निव्वळ तासांच्या हिशेबाने तासाला अडीच पौंड पडतात आणि २० तास काम करणाऱ्या प्रत्येकाला ५० पौंड मिळतात. पण किचनच्या तासाला अर्धेच वजन दिले, तर वजनी तास १८० होतात आणि तेवढ्याच २० तासांसाठी वेटरला सुमारे ६६.६७ तर भांडी घासणाऱ्याला ३३.३३ पौंड मिळतात. दोन्ही पद्धती नियमात बसू शकतात, मात्र दुसरीत किचनचे वजन अर्धे का, याचे उत्तर देता आले पाहिजे.

माझे स्वतःचे मत स्पष्ट आहे: किचनला वाटा मिळालाच पाहिजे, आणि वेटर व कूक यांच्या वजनातला फरक थोडाच असावा. गिऱ्हाईक हसून टिप देतो तेव्हा त्याला समोर वेटर दिसतो, पण वेळेवर आलेली गरम पोळी तव्यापाशी उभ्या माणसाने भाजलेली असते. फरक मोठा ठेवला की किचनमधली माणसे सोडून जातात आणि त्याचा त्रास वेटरांनाच होतो, हे मी जवळून पाहिले आहे.

वाटणी कोण करतो याला फार महत्त्व आहे. मालकाचा हस्तक्षेप नसलेला स्वतंत्र ट्रॉन्कमास्टर असेल, तर तुमच्या वाट्यावर प्राप्तिकर लागतो पण नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी) लागत नाही; मालकच कोणाला किती द्यायचे ते ठरवू लागला, तर ही सवलत जाते. मॅनेजर कर्मचारी असेल तर त्यालाही वाटा घेता येतो, म्हणून त्याचे वजन किती धरले आहे ते विचारण्यात संकोच करू नका. गिऱ्हाइकाने तुमच्या हातात दिलेली आणि तुमच्याकडेच राहिलेली रोख टिप या व्यवस्थेबाहेर असते, परंतु तिच्यावरच्या कराची जबाबदारी तुमची असते.

तुमच्या बहिणीने टोरांटोविषयी विचारले होते. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओतही मालकाला टिप रोखून ठेवता येत नाही आणि एकत्र करून वाटणे चालते; मालक स्वतः त्यात वाटा घेत असेल, तर जून २०२४ पासून त्याविषयीचे लेखी धोरण कामाच्या जागी लावावे लागते.

सही करण्यापूर्वी उपाहारगृहाला ईमेल करून टिपचे लेखी धोरण मागा, कारण जिथे टिप नेहमीच मिळते तिथे ते ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. त्यात आधी वजनांचा तक्ता पाहा, मग सुटी आणि आजारपणाच्या दिवसांचे काय होते ते, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून वाटा मिळतो की नाही ते. टिप ज्या महिन्यात मिळाली त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत ती तुमच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. रुजू झाल्यावर आपल्या पाळीचे तास स्वतः वहीत लिहीत जा. शंका आली तर तीन महिन्यांतून एकदा लेखी अर्ज करून त्या ठिकाणची एकूण टिप आणि तुम्हाला दिलेली रक्कम यांची नोंद मागता येते. मालकाने ती चार आठवड्यांत द्यायची असते आणि अशा नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात. तरीही प्रश्न सुटला नाही, तर रोजगार न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी बारा महिन्यांची मुदत आहे, आणि तोवर तुम्ही ती नोकरी सोडली असली तरी तुमचा हक्क जात नाही.