बोट ठेवून दाखव

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तू अर्धा तास बोलत होतास आणि तो सगळा वेळ डाव्या हाताने उजवे मनगट चोळत होतास, हे बहुधा तुझ्या लक्षातही आले नसेल. डॉक्टर महिनाभर विश्रांती घ्यायला सांगतात, प्रशिक्षक म्हणतात मनगट कच्चे आहे, ताकद वाढव, आणि आजी रोज रात्री तेल लावून देते. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि मल्लखांब सोडूनच द्यावा की काय, असे तू विचारलेस. सोडण्याचा प्रश्न मी आज विचारातही घेणार नाही. नेमके कुठे दुखते ते एका बोटाचे टोक ठेवून दाखव, असे मी म्हणालो तेव्हा तू अख्खा पंजा मनगटावर फिरवून ‘इथे सगळीकडे’ म्हणालास, त्यामुळे हे पत्र लिहावे लागते आहे.

सगळीकडे काहीही दुखत नसते. मनगटात लहान लहान 8 हाडे दोन रांगांत बसलेली असतात, कोपराकडून येणाऱ्या दोन लांब हाडांची टोके तिथेच येऊन टेकतात, आणि दुखणे यांतल्या कुठल्या तरी एका ठिकाणी असते. ज्या दुखण्याचे नाव कळलेले नाही त्याच्यावर अंगाचा भार टाकायचा नाही, हा माझा एकच नियम आहे. ‘मुरगळले’ हे नाव नव्हे. ‘जुने फ्रॅक्चर आहे’ हेही नाव नव्हे. ती फक्त तारीख झाली.

मी सतरा वर्षांचा होतो. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबागच्या गिरणीत काम करणारे माझे वडील घरी बसले. त्याच उन्हाळ्यात खांबाच्या बोंडावर, म्हणजे माथ्यावरच्या गोल टोकावर, मयूरासन करताना खांबाला लावलेल्या एरंडेलावरून हात सटकला आणि मी पसरलेल्या तळव्यावर पडलो. एक्स-रेत काही दिसले नाही, मुरगळले असे सांगून पट्टी बांधली गेली, आणि मीही तेच ऐकायला उत्सुक होतो. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, ज्यात पूर्वी लोक तपकीर घेत, तिथे दाबले की जीव जात असे. त्या खळग्याखाली काजूएवढे आणि काजूच्याच आकाराचे स्कॅफॉइड नावाचे हाड असते. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, म्हणून दहा ते चौदा दिवसांनी तो पुन्हा काढायचा असतो. शिवाय या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते आणि तिथून ते उलट, कोपराच्या दिशेने जाते. त्यामुळे हाड मध्येच मोडले की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो आणि तो तुकडा निर्जीव होऊ शकतो. माझा झाला. तीन वर्षे मी पट्टी बांधून खेळलो आणि तिला जिद्द म्हणत राहिलो. आज साठी ओलांडल्यावर नमस्कार करताना माझे तळवे नीट जुळत नाहीत.

संपामुळे घरात पैसे नव्हते, दुसऱ्या एक्स-रेसाठी वडिलांकडे कसे मागणार, असे मी अनेक वर्षे सर्वांना सांगत आलो. ते खोटे नाही. पण सार्वजनिक रुग्णालयात फार मोठा खर्च आला नसता, हेही मला तेव्हा ठाऊक होते. पुढे स्पर्धा होती आणि मला नाव कळून घ्यायचे नव्हते. तरीही एक सांगतो, त्या वयात मला समोर बसवून ‘बोट ठेवून दाखव’ असे एकाही मोठ्या माणसाने म्हटले नाही. तुला मी म्हणतो आहे, तर तू पंजा फिरवतोस!

आता तुझे. निघताना तू पिशवी उचललीस, कळवळलास आणि हात गेला तो करंगळीच्या बाजूला. म्हणजे माझे दुखणे तुझ्या मनगटाला चिकटवण्यात अर्थ नाही. बाराव्या वर्षी तुझे मोडले होते ते अंगठ्याकडचे लांब हाड, रेडियस, आणि तेही मनगटाजवळ. त्या वयात हाड वाढते ती पट्टी तिथेच असते. तिला इजा झाली तर रेडियसची वाढ मंदावू शकते आणि शेजारचे करंगळीकडचे लांब हाड, अल्ना, मात्र वाढत राहते. सामान्यतः मनगटावरच्या भारापैकी सुमारे 80 टक्के रेडियस पेलते आणि 20 टक्के अल्ना. पण अल्ना अवघी अडीच मिलिमीटर लांब झाली तर तिच्या वाट्याचा भार जवळजवळ दुप्पट होतो, आणि मधली कूर्चेची गादी दोन्हीकडून चेपली जाते. तुझे असेच आहे असे मी म्हणत नाही, निदान करण्याचा अधिकार मला नाही. परंतु असे असेल तर आणखी दंड काढून ताकद वाढवणे म्हणजे त्याच गादीवर आणखी दाब देणे होय; आणि विश्रांतीने बरे वाटते ते भार गेल्यामुळे, कारण गेल्यामुळे नव्हे. तू तीनदा विश्रांती घेतलीस आणि तिन्ही वेळा दुखणे परत आले. चौथ्यांदा काय वेगळे होणार आहे?

आणि गोविंदा पथकाच्या सरावाला जातोस हे मला तुझ्या आईकडून कळले. खांबावर दुखते आणि थरावर दुखत नाही, असे मनगट मी अजून पाहिलेले नाही. नाव कळेपर्यंत खांब नाही, थर नाही, दंड नाहीत. पाय, पोट आणि पाठ यांचा व्यायाम हवा तेवढा कर. चिडशील, चिड.

केईएमच्या हाडांच्या ओपीडीत सकाळी लवकर जाऊ, मी बरोबर येईन. कपाटाच्या माथ्यावर बाराव्या वर्षीची फिल्म सापडते का, ते आईला विचार. डॉक्टरांसमोर ‘सगळीकडे’ म्हणालास तर मी तिथेच उठून घरी जाईन.

तुझा,
काका

ता. क. एक्स-रे दोन्ही मनगटांचा काढावा का, हे डॉक्टरांना आठवणीने विचार. तुझी अल्ना मुळातच किती लांब होती, हे डावे मनगटच सांगू शकेल.