सोलापुरात नवी गाडी घेताना शोरूममध्ये भाव कसा कमी करून घ्यावा?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहात, दारात 2012 ची छोटी गाडी आहे, ती देऊन नवी पेट्रोल गाडी घ्यायची आहे. शोरूमने ऑन-रोड (कर, विमा सगळं धरून गाडी दारात येईपर्यंतचा भाव) 11,52,100 रुपये सांगितले आणि वर "कंपनीचा भाव आहे, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही" असं ऐकवलं. भाव होतो का, पुण्याला जावं का, दसऱ्याला घ्यावी का, असे तुमचे तीन सवाल.

तो सेल्समन खोटं बोलला नाही. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि विम्याच्या आधीची गाडीची किंमत, कंपनीच ठरवते. पण तुम्ही विचारलंत ऑन-रोडबद्दल आणि त्याने उत्तर दिलं एक्स-शोरूमचं. मधल्या दोन लाखांवर कोणी बोललंच नाही.

आमचं टॉवेल-चादरीचं घाऊक दुकान. डझनामागे दोन रुपयांसाठी गिऱ्हाईकाशी अर्धा तास बोलणारा मी माणूस. तरी 2016 ला पहिली गाडी घेतली तेव्हा सपशेल फसलो. "तुमच्यासाठी वीस हजार कमी केले" म्हणाले, मी खूश होऊन घरी पेढे नेले. वर्षभराने विमा नूतनीकरणाला आला तेव्हा जुना कागद काढला आणि कळलं की पहिल्या वर्षीचा विमा बाहेरच्यापेक्षा चौदा हजारांनी महाग लावला होता. वर साडेसात हजार 'हँडलिंग'. म्हणजे वीस दिले आणि साडेएकवीस काढून घेतले. खिसा माझाच, हातही माझाच, फक्त फिरवला त्यांनी.

म्हणून पहिलं काम: 11,52,100 हा एक आकडा डोक्यातून काढा आणि त्याच्या ओळी मागा. तुम्ही टाकलेल्या कागदावर त्या आहेतच: एक्स-शोरूम 9,40,000, आरटीओ 1,08,000, विमा 52,000, हँडलिंग 9,500, अ‍ॅक्सेसरीज किट 24,000, वाढीव वॉरंटी 18,000, फास्टॅग 600.

एक्स-शोरूममध्ये जीएसटी धरलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला (पेट्रोल असेल तर इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरच्या आत). तुमची गाडी त्यात बसते. कोणी जुना आणि नवा भाव शेजारी लिहून "बघा किती कमी केलं" म्हणालं, तर ती कपात करातली आहे, शोरूमची नाही. त्याबद्दल आभार मानायचं कारण नाही.

आरटीओच्या ओळीत खेचाखेची नको. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे 1,03,400. वर नोंदणी, स्मार्ट कार्ड, कर्जाचा बोजा चढवण्याचे 1,500 अशी फुटकळ फी. सरकारी पावती मागा, तिच्यापेक्षा जास्त घेतलं असेल तर परत मागा. नंबरप्लेटचे वेगळे पैसे लावले तर विचारा कशाचे; 1 एप्रिल 2019 नंतरच्या नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट बसवूनच द्यायची असते.

उरल्या चार मोठ्या ओळी. विमा, हँडलिंग, अ‍ॅक्सेसरीज, वॉरंटी मिळून 1,03,500. तुमची सगळी घासाघीस इथे.

विम्यापासून सुरुवात करा. नव्या खासगी गाडीला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, तो दर ठरलेला असतो. 2022 च्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीला तो 10,640 रुपये आहे, वर जीएसटी. त्यात कोणी कमीजास्त करू शकत नाही. बाकीचा भाग म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, झिरो डेप (पार्ट बदलताना घसारा न कापणारं कव्हर) वगैरे. त्यात मात्र भरपूर हवा असते. आदल्या रात्री घरी बसून दोन कंपन्यांच्या वेबसाइटवर त्याच गाडीचा, तेवढ्याच आयडीव्हीचा (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि तेवढ्याच अ‍ॅड-ऑनचा (वरची जादा कव्हरं) आकडा काढा आणि कागदावर उतरवून न्या. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती कायद्यात नाही. ते म्हणतील, "बाहेरचा घेतला तर कॅशलेस होणार नाही." कॅशलेस (दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर भरणं) हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं. तुमच्या कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का, एवढंच विचारून घ्या. मी 2024 ला दुसरी गाडी घेतली तेव्हा नुसता कागद टेबलावर ठेवला. 49,000 चा विमा दहा मिनिटांत 36,500 वर आला, त्याच कंपनीचा, त्याच शोरूममधून. शेवटी त्यांच्याकडूनच घेतला, भांडण कशाला.

हँडलिंगची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक उगाच आवाज चढवतात. आवाज चढवायची गरज नसते. माझ्या दुसऱ्या गाडीच्या वेळी शोरूममध्ये काचेच्या केबिनशेजारी बसलो होतो, समोर कोल्ड्रिंक, सेल्समन पोरगा अक्कलकोट रोडकडचा, गोड बोलणारा. मी म्हटलं, "हे साडेनऊ हजार कशाचे?" तो म्हणाला, "यार्डातून गाडी आणायची, धुवायची, तपासायची, सगळ्यांकडून घेतो सर." मी म्हटलं, "चालेल. बिलात ही ओळ कशी छापून येणार तेवढं दाखवा. जीएसटी लावून पक्कं बिल द्या, मी देतो." पोरगा उठून केबिनमध्ये गेला. काचेतून दिसत होतं, मॅनेजरने मान वर न करता पेनाने काहीतरी खोडलं. पोरगा परत आला आणि म्हणाला, "तुमच्यासाठी काढून टाकलं." बरं म्हटलं आणि गप्प बसलो.

हे गप्प बसणं महत्त्वाचं आहे. आमचे वडील दुकानात सांगायचे की गिऱ्हाईक बोलतंय तोवर घाबरू नको, ते गप्प झालं की घाबर. शोरूममध्ये आपण गिऱ्हाईक आहोत हे मला उमगायला दोन गाड्या लागल्या.

अ‍ॅक्सेसरीज किट सक्तीचं नसतं. सीट कव्हर आणि मॅट बाहेर करून घेतलेत तर बऱ्याचदा निम्म्यात होतात. फक्त वायरिंगला हात लागेल असं काही बाहेर करू नका, वॉरंटीत वाद होतो. वाढीव वॉरंटीला मी वाईट म्हणणार नाही, पण ती गाडी घेतानाच घ्यावी लागते असं नाही. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत बहुतेक कंपन्या ती देतात, उशीर झाला की थोडी महाग. आज पैसे ओढूनताणून येत असतील तर आत्ता ती ओळ काढा.

आता सवलती. कंपनीची महिन्याची स्कीम असते: रोख सवलत, एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी दिल्याबद्दल तिच्या किमतीवर मिळणारे पैसे) आणि कॉर्पोरेट सवलत. तिसरी बहुतेक जण विचारतच नाहीत. नावाला कॉर्पोरेट, पण बऱ्याच कंपन्या ती सरकारी नोकर, शिक्षक, बँकवाले, रेल्वेवाले यांनाही देतात. आपल्याकडे रेल्वेचं विभागीय कार्यालय असल्याने शोरूमवाल्यांना ती पाठ असते. तुम्ही झेडपीचे शिक्षक, ओळखपत्र आणि पगारपत्रक घेऊन जा आणि स्वतःहून विचारा. तुम्ही विचारलं नाही तर कोणी सांगणार नाही.

जुन्या गाडीचं बोलणं शेवटी काढा. नव्या गाडीचा भाव लेखी हातात येईपर्यंत "जुनी गाडी धाकट्या भावाला द्यायची आहे" म्हणा हवं तर. दोन्ही बोलणी एकत्र काढलीत की ते इकडे पंधरा हजार सूट देतात आणि तुमची गाडी पंधरा हजारांनी पाडून मागतात. आधी बाहेर दोन-तीन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना दाखवून आकडा घ्या. गाडीची किंमत वेगळी आणि एक्स्चेंज बोनस वेगळा, दोन वेगळ्या ओळी. काही कंपन्या बाहेर विकलेल्या गाडीलाही बोनस देतात, नाव बदललेल्या आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत दाखवली की. कोणालाही द्या, नाव बदलून झाल्याचा पुरावा घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी नाव बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून गाडी सोडली, समोरच्याने नाव लावलंच नाही. दोन वर्षं हैदराबाद रस्त्यावरची चलनं ह्यांच्या मोबाइलवर येत होती.

कर्ज. शोरूममध्ये बसलेला बँकेचा माणूस जी बँक सांगेल, त्यात शोरूमचाही वाटा असतो. सात लाख, पाच वर्षं, 9 टक्क्यांना हप्ता साधारण 14,530 येतो, साडेनऊला 14,700. दिसायला 170 रुपये, पाच वर्षांत दहा हजार. तुमचा पगार ज्या बँकेत होतो तिथे आधी विचारा. "आमच्याकडून कर्ज घेतलं तरच रोख सवलत" असं म्हणाले तर दोन्ही मिळून हिशोब करा, कधीकधी ते खरंच परवडतं. फक्त दर फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवर, ते स्पष्ट विचारा. फ्लॅट 5 टक्के ऐकायला गोड लागतो, प्रत्यक्षात 9 च्या वर जातो.

दसऱ्याबद्दल. मुहूर्ताला गाडी घरी आणायची तर आणा, पण भाव मुहूर्ताला करू नका. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा या दिवशी शोरूमबाहेर मंडप असतो, तीस-चाळीस गाड्यांना हार घातलेले असतात, तुमच्याकडे बघायलाही कोणाला वेळ नसतो. उसाची बिलं जमा झाली की तोच प्रकार. माझा सल्ला: पितृपक्षात जा. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी खिळाही विकत घेत नाही, सेल्समन एसीत बसून मोबाइल बघत असतात, महिन्याचं टार्गेट मात्र तेवढंच असतं. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस त्यातच पडले तर उत्तमच. भाव ठरवा, लेखी घ्या, बुकिंग घटस्थापनेला करा आणि गाडी दसऱ्याला आणा. घरच्यांचंही मन राहील. डिसेंबरच्या सवलती मोठ्या असतात, पण 31 डिसेंबरची गाडी दुसऱ्या दिवशी एका वर्षाने जुनी होते. पाच-सहा वर्षांत विकणार असाल तर तेवढं धरून चाला.

पुण्याला जायची गरज मला वाटत नाही. अडीचशे किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, त्यात तुमची रजा, डिझेल आणि नोंदणी कुठल्या आरटीओत होणार याची कटकट. पण पुण्याचं आणि लातूरचं कोटेशन फोनवरून मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. ते मोबाइलमध्ये घेऊन आपल्या शोरूममध्ये जा. शहरात त्याच कंपनीचा दुसरा डीलर असेल तर आणखी सोपं.

ठरलेलं सगळं शिक्का-सहीने लेखी घ्या, फुकट मॅटसुद्धा शून्य रुपये म्हणून. कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" असतं, ते सवलतीलाही लागू आहे का, विचारा. पैसे शोरूमच्या खात्यात भरा, पोराच्या यूपीआयवर पाचशे रुपयेही नकोत. रोखीत दोन लाख किंवा जास्त ते घेऊ शकत नाहीत.

गाडीची नोंदणी होण्याआधी यार्डात जाऊन ती बघा. मी भर दुपारी तीनला गेलो होतो, पत्र्याखाली गाडी तव्यासारखी तापलेली. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या चार टायरांवर एक तारीख आणि स्टेपनीवर आठ महिने जुनी. तेवढं चालतं, पण विचारल्यावर पोरगा गडबडला आणि मग त्याने बॅटरीची तारीख स्वतःहून दाखवली. गाडी कधी बनली ते विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21 वर, महिना-वर्षासकट असतं. चासी नंबर तिथेच मोबाइलमध्ये टिपून घ्या, नंतर हार घालून समोर येणारी गाडी तीच आहे का ते बघायला.

आणि त्या दिवशी ते गाडीवरचा कपडा ओढायला सांगतील, फोटो काढतील, पेढ्यांचा बॉक्स हातात देतील. बॉक्स घ्यायच्या आधी दुसरी किल्ली मागा. मला ती मिळायला तीन आठवडे लागले.