संकटात देवावर विश्वास ठेवून मन शांत कसं ठेवायचं?
विश्वास म्हणजे भीती न वाटणं, असं मुळीच नाही. वडील अतिदक्षता विभागात होते त्या रात्री बाहेरच्या बाकावर माझे हात थरथरत होते. 'त्यांना बरं कर' म्हणताना जीव अजूनच घाबरा व्हायचा. पहाटे मागणं बदललं: 'जे होईल ते सोसायचं बळ दे.' मग एका श्वासाला एकदा नाम घेत राहिले. श्वास संथ झाला की ठोकेही मंदावतात, मन मागून येतं. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पत्नी आणि मुलगा गेले. तरी, भांडत का होईना, त्यांनी विठ्ठलाशी बोलणं सोडलं नाही. तुम्हीही भांडा, रडा, पण बोलत राहा. आणि हो, डॉक्टर, औषधं, पैशांची जुळवाजुळव हे आपलं काम, ते थांबवू नका.