कोठीची किल्ली गुरुवारीच देऊन टाक

पत्र आलंय नाशिकमधूनच, शरणपूर रोडच्या जवळपास राहणाऱ्या एका अडतीस वर्षांच्या बाईचं. नाव छापू नका म्हणालीय. थोडक्यात देते.

"मावशी, प्रभूमध्ये सलाम. मी अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि बारा वर्षं आमच्या मंडळीचं संडे स्कूल चालवते. पुढच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये दोन दिवसांची लीडरशिप कॉन्फरन्स आहे, शुक्रवार-शनिवार, मनमाड, मालेगाव, संगमनेरपासून लोक येणार, साधारण सव्वाशे डेलिगेट, फी आठशे रुपये. काही भाषणं पडद्यावर दाखवणार आहेत, काही आपले लोक देणार. मला मनापासून बसायचं होतं. कमिटीने मात्र माझं नाव जेवण आणि रजिस्ट्रेशनला घातलं, वर म्हणाले तुमच्याशिवाय होणारच नाही ताई. आणि डेलिगेट म्हणून माझ्या दिरांचं नाव गेलं, जे दोन वर्षांपासून चर्चला यायला लागलेत. मिस्टर म्हणतात सुट्टी घेऊन तिथेच तर असणारेस, आत बसायचा हट्ट कशाला. सासूबाई म्हणतात ख्रिस्ताने पाय धुतले, तुला ताटं वाढायला कमीपणा वाटतो का. तेव्हापासून झोप नाही. माझं इंग्रजीही बेताचं, लीडरशिप वगैरे मोठी गोष्ट, मी साधी बाई. हा माझा अहंकार आहे का?"

अगं नाही. आधी हे नाही घे, मग बाकीचं वाच.

तुझं पत्र वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते, कारण त्या पत्र्याच्या शेडमध्ये मीही उभी राहिलेय. बावीस वर्षं झाली असतील, एका मंडळीत तीन दिवसांचं कन्व्हेन्शन होतं आणि हॉलच्या मागे शेडमध्ये आम्ही सहा बायका, दोन भट्ट्या, रश्श्याचं पातेलं, कांद्याने डोळे चुरचुरतायत, आणि हॉलची जाळीची खिडकी आमच्या बाजूला. त्या जाळीतून आतलं ऐकू यायचं, पण अर्धवट. एक पुण्याचे पाळक, म्हणजे पास्टर, बोलत होते बायबलातल्या मोशेबद्दल. मी पळी हातात धरून खिडकीशी गेले, म्हटलं दोन मिनिटं ऐकू. "मोशेच्या सासऱ्याने त्याला दिवसभर काम करताना पाहिलं आणि तो म्हणाला, तू जे करतोस ते..." आणि तेवढ्यात कुणीतरी मिक्सर लावला. मिक्सर थांबला तेव्हा आत लोक टाळ्या वाजवत होते. जेवायला आलेल्यांना मी वाढता वाढता विचारलं, काय म्हणाला हो तो सासरा, तर प्रत्येक जण म्हणतोय छान होतं, फार छान होतं. रात्री अकराला घरी येऊन, हातांचा कांद्याचा वास गेला नव्हता तसंच, मी बायबलातल्या निर्गमचा अठरावा अध्याय उघडला. सासरा म्हणतो, तू जे करतोस ते बरं नाही. तू थकून जाशील आणि लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम आणि ओझं वाटून दे.

म्हणजे बघ, जे वाक्य माझ्यासाठीच होतं तेच मला ऐकू आलं नाही. आणि त्याहून वाईट, तीन दिवस आम्हाला "तुमच्याशिवाय होणारच नाही" म्हणणाऱ्या एकालाही वाटलं नाही की हे या बायकांनी ऐकायला हवं होतं.

तर "तुमच्याशिवाय होणारच नाही" याला कौतुक समजू नकोस. इथ्रोने, त्या सासऱ्याने, मोशेला हेच तर सांगितलं की एका माणसावाचून अडतं ही चांगली व्यवस्था नाही. आणि आता तुला थोडं लागेल असं बोलते, मी तुझ्या बाजूची आहे म्हणूनच बोलते. बारा वर्षं संडे स्कूल तू चालवतेस, जेवण तू बघतेस, रजिस्ट्रेशन तू, नाताळच्या नाटकाचे कपडे बहुतेक तूच शिवत असशील. तुझ्या हाताखाली तयार झालेली एक तरी पोरगी आहे का जी तू नसताना हे निभावेल? मला नव्हती. मला ते "तुमच्याशिवाय नाही" आवडायचं ग, खरंच आवडायचं, आणि त्यामुळे मी दुसऱ्या कुणाच्या हातात पळी दिलीच नाही. कमिटीची चूक मोठी आहे पण आपली सवय त्या चुकीला खतपाणी घालते.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येते, कारण तेच तुला झोपू देत नाहीये. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात कमरेला रुमाल बांधून गंगाळात पाणी ओततो तो कोण आहे? गुरू. ज्याला शिष्य प्रभू म्हणतात तो. ती गोष्ट वरच्याला खाली वाकायला सांगते ग, आधीच वाकलेल्या बाईला अजून वाक म्हणून सांगत नाही. तुझ्या मंडळीत तो अध्याय कुणी खरंच पाळायचं ठरवलं तर शुक्रवारी दुपारी सेक्रेटरी आणि तुझे दीर वाढायला उभे राहतील. सासूबाईंशी यावर वाद घालू नकोस हं, त्या ज्या काळात वाढल्या त्या काळात त्यांना कुणी आत बस असं म्हटलंच नसेल. त्यांना विचार, आई तुम्हाला कधी बसावंसं वाटलं होतं का. मला वाटतं त्या गप्प होतील, आणि नंतर काहीतरी सांगतील.

आणि मार्था-मरीयेची गोष्ट तर तू पोरांना दहा वेळा शिकवली असशील. बेथानीच्या त्या घरात मार्था तक्रार करते की बहिणीला मला मदत करायला सांगा, आणि ख्रिस्त मरीयेला उठवत नाही. ती पायांशी बसून ऐकत होती, म्हणजे त्या काळी शिष्य जसा गुरूच्या पायांशी बसायचा तशी बसली होती, आणि तो म्हणतो तिने चांगला वाटा निवडला, तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये हा वाटा फार सहज काढून घेतात, आणि तोही सेवेच्या नावाने.

"मी साधी बाई" म्हणालीस ते मला सगळ्यात जास्त खुपलं, कारण तू शरणपूरच्या जवळ राहून असं म्हणतेस. चर्च मिशनरी सोसायटीने 1850 च्या दशकात ही वस्ती केली, अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं इथे आणून शिकवायचे, लोहारकाम, सुतारकाम, लिहिणं-वाचणं. त्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरीच्या शेवटच्या प्रवासात तो नुसता मदतीला पाठवलेल्या लोकांमधला एक होता, ओझी वाहणाऱ्यांच्या टोळीतला. 1873 साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत कुठेतरी वारला तेव्हा त्याच्यावर अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिकला शिकलेल्या पोराने, झाडावर नाव कोरलं ते याने, आणि हजार मैलांहून जास्त अंतर ते शव वाहून किनाऱ्याला आणणाऱ्यांत हा होता. पुढे 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी धरणाऱ्यांतही हा होता. त्याला कुणी लीडर म्हणून नेमलं नव्हतं ग. पण वेळ आली तेव्हा त्याला वाचता येत होतं, कारण शरणपुरात कुणीतरी त्याला आधी बाकावर बसवलं होतं. तुलाही तेवढंच हवंय, बाक.

इंग्रजीचं टेन्शन सोड. इथल्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत न जाता वाचायला शिकल्या आणि नवरा गेल्यावर त्याचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य त्यांनी पुरं केलं, तुला तर कंपनीचा बॅलन्स शीट वाचता येतो. फॉर्मवर भाषा विचारली असेल तर ठळक मराठी लिही. दहा जणांनी मराठी लिहिलं की कमिटीला दुभाष्या बसवावाच लागतो, आणि खेड्यातून येणाऱ्या अर्ध्या लोकांना त्याची तुझ्याइतकीच गरज असते, ते बोलत नाहीत एवढंच.

पडद्यावरच्या भाषणांबद्दल एक सांगते, कारण तू त्याकडे फार मोठं काहीतरी म्हणून बघतेयस. अशा कॉन्फरन्सचं सगळ्यात गाजलेलं रूप म्हणजे ग्लोबल लीडरशिप समिट, 1995 साली शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चने सुरू केलेली, तिथली भाषणं मग देशोदेशीच्या मंडळ्यांमध्ये पडद्यावर दाखवायला लागले. तुमची तीच आहे असं मी म्हणत नाही. पण 2018 मध्ये त्याच चर्चचे संस्थापक पाळक काही महिलांच्या तक्रारींनंतर पायउतार झाले, त्यांनी आरोप नाकारले, पण त्या महिलांचं आधी नीट ऐकलं नाही हे मान्य करून काही महिन्यांत तिथला कारभार बघणारे सगळे वडील, म्हणजे एल्डर, हेही बाजूला झाले. जगाला लीडरशिप शिकवणाऱ्यांच्या घरात हे. तर मंचावरून आलेलं प्रत्येक वाक्य शास्त्रवचन समजून वहीत उतरवू नकोस, तुझा एक प्रश्न घेऊन जा. माझ्या मते तुझा प्रश्न हा आहे की संडे स्कूलला पुढची शिक्षिका कशी तयार करायची. दोन दिवसांत त्याचं निम्मं उत्तर मिळालं तरी आठशे रुपये वसूल.

आता काय करायचं ते. व्हॉट्सॲपवर काही लिहू नकोस, ग्रुपवर तर अजिबात नाही, तिथे हात जोडलेले इमोजी येतील आणि विषय संपेल. रविवारी उपासना झाली की पाळकसाहेबांना पाच मिनिटं माग, फॉर्म भरून ने, आठशे रुपये पाकिटात घालून ने, आणि उभ्या उभ्या सांग, "मला डेलिगेट म्हणून बसायचंय, जेवणाची सोय मी आजपासून लावून देते पण त्या दोन दिवसांत मी आत असेन." आठशेचं पाकीट टेबलावर ठेवल्यावर बोलणं बदलतं, मी बघितलंय. त्यांना अडचण वाटली तर प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवून दे, विधवांना रोजच्या वाढपात डावललं जातंय अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ती बायकांवर ढकलली नाही, मंडळीकडून सात पुरुष निवडून घेतले, आत्म्याने भरलेले बघून निवडले, आणि त्यातलाच स्तेफन पुढे न्यायसभेसमोर उभा राहून बोलला. वाढप हे कमिटीचं काम आहे, सुरुवातीपासून. कुणी म्हणालंच की आपल्याकडे बायकांचं असं नसतं तर शांतपणे सांग की चर्च ऑफ साऊथ इंडियात 2013 साली आंध्रच्या नंद्यालला पुष्पललिता बाई बिशप झाल्या, मी तर फक्त खुर्ची मागतेय.

जेवणाचं म्हणशील तर सव्वाशे माणसांना दोन दुपारी पुलाव, रस्सा, कोशिंबीर, शिरा यासाठी आचारी लावायचा, त्याचा खर्च फीमधून निघतो का ते हिशोबाची बाई म्हणून तूच अर्ध्या तासात मांडून देशील, नाही निघत असेल तर फीमध्ये पन्नास रुपये वाढवा नाहीतर शिरा काढा. सकाळच्या पोह्यांची भाजी गुरुवारी रात्री चिरून ठेवायची, ते तरुण संघाने. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर दहावी-बारावीच्या दोन पोरी बसव, यादी कशी टिक करायची ते आदल्या दिवशी दाखव, त्या चुकतील, दोन नावं गाळतील, चुकू दे. ताटं ज्याची त्याने धुवायची, आपल्या जुन्या कन्व्हेन्शनला हीच पद्धत होती आणि कुणाचं काही बिघडलं नाही. शनिवारी दुपारचं वाढप दिरांकडे दे. टोमणा म्हणून नव्हे हं, खरंच दे, भावजी तुम्ही डेलिगेट आहात तर तुमच्या ओळीतल्या पाच जणांना घेऊन वाढा म्हणावं. नवा माणूस आहे, आनंदाने करेल बघ, त्याचं नाव गेलं यात त्या बिचाऱ्याचा काय दोष.

मिस्टरांना एवढंच सांग की तिथे असणं आणि तिथे बसणं यात फरक आहे, आणि त्या दोन संध्याकाळी घरचा स्वयंपाक ते बघतील.

एका गोष्टीला मात्र बळी पडू नकोस, अर्धंमुर्धं. "ताई तुम्ही आत बसा, काही लागलं तर बोलावतो" असं म्हणतील, आणि मग मीठ कुठेय, गॅस संपला, मालेगावचे सहा जण जास्त आलेत म्हणून दर वीस मिनिटांनी खिडकीतून खूण. तसं होणार असेल तर बसलीस काय नि न बसलीस काय. दाराजवळची खुर्ची घेऊ नकोस, मधल्या ओळीत भिंतीकडे बस जिथून उठायला चार जणांना उठवावं लागेल. फोन पर्समध्ये, बंद करून.

आणि पाळकसाहेब नाहीच म्हणाले तर? तर बाकीच्या बायकांमधली एक म्हणून एका वेळचं जेवण बघ, बाकीच्या वेळी सरळ आत जाऊन बस, फॉर्म भरलेला आहे, पैसे दिलेत, उठ म्हणायला कुणाची जीभ रेटायची नाही.

कोठीची किल्ली तुझ्याच पर्समध्ये असणार, मला माहितीये, माझ्याही असायची. ती गुरुवारी संध्याकाळी सेक्रेटरींच्या हातात दे आणि मसाल्याचा डबा वरच्या फळीवर डावीकडे आहे एवढं सांगून घरी ये. शनिवारी रात्री वेळ मिळाला तर मला लिही, काय काय ऐकलंस ते.

— मावशी