रुग्णवाहिकेवर नव्यांना शिकवणारा ट्रेनर कसा घडवायचा?

तुमच्या सेवेत सगळ्यांत जुन्या माणसाला ट्रेनर केलंय आणि नवी पोरं त्याच्या हाताखाली टिकत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो: बहुतेक निवडच चुकलीय. ज्याचा हात झटपट चालतो, त्याला दुसऱ्याचा संथ हात बघवत नाही. नवं पोरगं शीर शोधतंय तोवर हा "सरक बाजूला" म्हणून सुई लावून मोकळा. पेशंटचं काम झालं, पोरगं होतं तिथंच.

कुठं थांबायचं आणि कुठं हात घालायचा, हे ड्युटी सुरू व्हायच्या आधीच दोघांत ठरलेलं पाहिजे. कागलजवळ हायवेवर अपघात झालाय, रक्त थांबत नाही किंवा श्वास अडकलाय, तिथं ट्रेनरनं क्षणभरही वाट बघू नये. पण बीपी घेणं, नातेवाइकांना विचारपूस, सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना केस सांगणं हे नव्यानंच करायचं, अडखळला तरी. हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते आणि दाबणारा दर दोन मिनिटांनी बदलायचा असतो. अशा वेळी माणसं पुरेशी असतील तर ट्रेनरनं स्वतः दाबायला बसावं. घड्याळ बघून "बदला" म्हणणं नव्याकडं द्यावं. हुकूम देणाऱ्यानं हुकूम ऐकलेला बरा असतो.

चुका नातेवाइकांसमोर काढायच्या नाहीत, परतीच्या वाटेवर बोलायचं. आधी त्यालाच विचारायचं, "तुला काय वाटलं?"

आणि नव्यानं रोज काम कसं केलं ते लिहून ठेवायचं. ही पद्धत मूळची अमेरिकेतल्या सॅन होजे पोलिसांची, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची. रोजच्या कामाला १ ते ७ गुण. पुढं तिथल्या रुग्णवाहिका सेवांनीही ती उचलली. गुणांचं मला फार कौतुक नाही. "पोरगं बरं आहे" असल्या मोघम शेऱ्याऐवजी काय पाहिलं ते कागदावर येतं, एवढा फायदा मोठा. दोन ट्रेनर असतील तर त्यांना एकाच मुलाचे गुण वेगवेगळे द्यायला लावा आणि मग समोरासमोर बसवा. त्या वादातच ट्रेनर तयार होतात.

पण ट्रेनरनं "अजून तयार नाही" लिहिलं आणि माणूस कमी म्हणून तुम्ही त्या नव्याला एकट्यालाच गाडीवर पाठवलं, तर ट्रेनर पुन्हा खरं लिहिणार नाही. ट्रेनरचा शेरा ऑफिसनं मानायचा, या कामाचा भत्ता वेगळा द्यायचा, आणि शिकाऊ सोबत असताना गाडीवर त्या शिकाऊला तिसरा माणूस धरायचं.