घरी केलेली कोल्ड कॉफी पाणचट का होते आणि ती यंत्राशिवाय चांगली कशी करावी?

आपला प्रश्न असा आहे की, दूध, इन्स्टंट कॉफी, साखर आणि बर्फ मिक्सरमधून फिरवून केलेली कॉफी पहिल्या घोटांना बरी लागते, पण लगेच पाणचट होते. तेव्हा कॅफेत मिळते तशी कॉफी महागडे यंत्र न घेता घरी करता येईल का? नक्की करता येईल. पाणचटपणाचा यंत्राशी फारसा संबंध नसतो. आपण दूध मोजतो, कॉफी मोजतो, आणि बर्फ मात्र अंदाजाने टाकतो. तो वितळल्यावर होणारे पाणी कुणी हिशेबात धरत नाही, आणि बहुतेक घरी कॉफी बिघडते ती इथेच.

हा हिशेब एकदा आकड्यांत पाहण्यासारखा आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषून घेतो. 85 अंश सेल्सिअसची 100 ग्रॅम गरम कॉफी 5 अंशांपर्यंत आणायची, तर तिच्यातून 8,000 कॅलरी काढून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी जवळपास 90 ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे पेला पुरता थंड होईपर्यंत कॉफीत तिच्याच वजनाएवढे पाणी मिसळलेले असते. आता दुसरी बाजू पाहा. खोलीच्या तापमानाला, म्हणजे 30 अंशांवर आलेले 50 मिलिलिटर डिकॉक्शन (गाळून उतरवलेला कॉफीचा दाट अर्क) फ्रिजमधल्या 150 मिलिलिटर थंडगार दुधात घातले, तर मिश्रण साधारण 12 अंशांवर येते आणि तिथून ते 5 अंशांवर आणायला ट्रेमधला जेमतेम एक खडा बर्फ पुरतो. म्हणून दुधाची कॉफी करायची असेल, तर सगळे घटक आधी थंड करून घ्यावेत आणि बर्फाकडे थंडावा टिकवण्याचेच काम ठेवावे. बर्फही मोठ्या खड्यांचा घ्यावा, कारण चुऱ्याचा पृष्ठभाग जास्त असल्याने तो पाहता पाहता विरघळतो. मिक्सरमध्ये नेमका हा चुराच होतो, हे आपल्या तक्रारीचे अर्धे उत्तर आहे.

आता कॉफीकडे वळू. घरात दक्षिण भारतीय पद्धतीचा दोन डब्यांचा स्टीलचा फिल्टर असेल, तर याहून वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. नसेल, तर माझ्या मते घरच्या कोल्ड कॉफीसाठी एवढी एकच खरेदी करण्याजोगी आहे. दोन पेल्यांसाठी वरच्या डब्यात 24 ग्रॅमच्या आसपास पूड घालावी, चकतीने ती हलकेच दाबावी आणि उकळी येऊन किंचित निवलेले 120 मिलिलिटर पाणी सावकाश ओतावे. पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवत असल्याने खाली 70 मिलिलिटरच्या आसपास दाट डिकॉक्शन उतरते, आणि त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. घाईने चकती जोरात दाबली की पाणी वरच अडून राहते. पूड फार सैल राहिली, तर ते भराभर उतरते आणि अर्क फिका येतो. हे डिकॉक्शन झाकून आधी निवू द्यावे, मग फ्रिजमध्ये ठेवावे. एका पेल्याला 35 मिलिलिटर डिकॉक्शन आणि 150 मिलिलिटर दूध हे प्रमाण मला योग्य वाटते. गरम कॉफीच्या सवयीने हे थोडे कडक वाटेल, पण पेल्यात पुढे थोडेफार पाणी होणारच आहे, ते गृहीत धरूनच हे प्रमाण घेतलेले आहे.

पूड कोणती घ्यावी, याचे उत्तर कॉफी दुधाची की बिनदुधाची यावर अवलंबून आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांत चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली असते आणि तिचे शेकडा प्रमाण पाकिटावर छापलेले असते. काही मिश्रणांत ते निम्म्याच्या जवळ पोहोचते, तेव्हा ते वाचूनच पाकीट उचलावे. चिकोरीला नाके मुरडणारे लोक असतात, त्यांच्यात मी नाही. थंड दुधात कॉफीची चव दबते, आणि वीस टक्क्यांपर्यंतची चिकोरी तिला रंग आणि भरीवपणा देते. बिनदुधाच्या थंड कॉफीत मात्र चिकोरीचा कडवटपणा उघडा पडतो, म्हणून तिथे निव्वळ कॉफीच घ्यावी.

बिनदुधाची कॉफी हवी असेल, तर वरचा बर्फाचा हिशेब उलटा वापरण्याची जपानी पद्धत फार सोयीची आहे. नेहमी 20 ग्रॅम कॉफीला 300 मिलिलिटर पाणी घेत असाल, तर त्यातले 120 ग्रॅम पाणी बर्फाच्या रूपात भांड्यात ठेवावे आणि उरलेल्या 180 मिलिलिटर गरम पाण्याने कागदी गाळणीतून कॉफी थेट त्या बर्फावर उतरवावी. वितळणारे पाणी आधीच मोजलेले असल्यामुळे कॉफी पातळ होत नाही, आणि ती उतरताक्षणी थंड होत असल्यामुळे सुगंधही बराचसा तिच्यातच राहतो.

घरात फक्त इन्स्टंट कॉफी असेल, तरी हिरमुसण्याचे कारण नाही. ग्रीसमध्ये उन्हाळाभर प्यायली जाणारी फ्रापे ही कॉफी इन्स्टंटचीच असते. 1957 साली थेस्सालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात नेस्ले कंपनीसाठी काम करणाऱ्या दिमित्रिस वाकोंदियोस यांना कॉफीसाठी गरम पाणी मिळाले नाही, तेव्हा त्यांनी ती थंड पाण्यातच घुसळली आणि तिथून हा प्रकार रूढ झाला, असे सांगितले जाते. घट्ट झाकणाच्या बरणीत दोन लहान चमचे कॉफी, चवीपुरती साखर आणि दोन-तीन मोठे चमचे थंड पाणी घालून अर्धा मिनिट जोरजोरात हलवावे. तपकिरी, दाट फेस तयार होतो. पेल्यात बर्फाचे खडे घेऊन त्यावर हा फेस ओतावा आणि मग थंड पाणी किंवा दूध घालावे. दूध आधीच बरणीत घालू नये. इन्स्टंट कॉफीत तेलाचा अंश जवळजवळ नसतो, म्हणून तिचा फेस टिकतो. दुधातली स्निग्धता आली की तो लवकर बसतो. फिल्टर कॉफीच्या पुडीचा असा फेस होत नाही, हेही लक्षात असू द्यावे. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी फेटली गेलेली डालगोना कॉफी इन्स्टंटच्या याच फेसाळण्याच्या गुणावर उभी होती. तिला हात मोडेपर्यंत फेटावे लागते, तेवढे कष्ट फ्रापेला पडत नाहीत.

दुधाबाबत एक सूचना. म्हशीच्या दुधाची गरम कॉफी उत्तम होते, पण तेच तापवलेले दूध थंड झाल्यावर सायीचे कण टाळूला चिकटतात आणि कॉफी तुपकट लागते. थंड कॉफीसाठी पाकिटातले 3 टक्के स्निग्धांशाचे टोन्ड किंवा साडेचार टक्क्यांचे स्टँडर्ड दूध बरे. म्हशीचेच वापरायचे असेल, तर फ्रिजमधून काढल्यावर ते बारीक गाळणीने गाळून घ्यावे.

साखर थंड दुधात विरघळायला फार वेळ घेते आणि तळाशी बसते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्यावर उपाय म्हणजे समभाग साखर आणि पाणी गरम करून, साखर विरघळताच उतरवलेला साधा पाक बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. किंवा डिकॉक्शन गरम असतानाच त्यात साखर घालावी. थंड पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून गरम कॉफीपेक्षा साखर किंचित जास्त लागते. व्हिएतनाममध्ये यासाठी आटवलेले गोड दूधच वापरतात. तिथली कॉफी मुख्यतः रोबस्टा जातीची, कडक आणि कडवट. भारतातही अरेबिकापेक्षा रोबस्टाचेच पीक जास्त येते, त्यामुळे आपल्या फिल्टरच्या डिकॉक्शनवर हा प्रयोग चांगला साधतो. दोन मोठे चमचे आटवलेले दूध, त्यावर डिकॉक्शन, मग बर्फ; वेगळी साखर नको.

कोल्ड ब्रूबद्दल आपण विचारलेले नाही, पण कॅफेच्या पाटीवर ते असते म्हणून थोडक्यात सांगतो. भरड दळलेली कॉफी आठपट थंड पाण्यात बारा ते अठरा तास फ्रिजमध्ये भिजवून, आधी गाळणीने आणि मग दुहेरी सुती कापडातून गाळावी. ती आंबटपणाने कमी आणि मऊ चवीची होते, हे खरे. पण फिल्टरसाठी मिळणारी पूड बारीक असल्याने तिचा गाळ कापडातूनही उतरतो, म्हणून दुकानदाराला भरड दळून मागावी लागते. माझ्या दृष्टीने तिची मोठी सोय एवढीच की एकदा केली की तीन-चार दिवस पुरते. सुगंधात मात्र बर्फावर उतरवलेली कॉफी मला सरस वाटते.

आपल्या मराठी घरांत कॉफीला जायफळ लागते, आणि थंड कॉफीतही ते शोभते. फक्त ते वरून भुरभुरू नये, कारण थंड दुधावर त्याची कोरडी पूड नुसती तरंगते. गरम डिकॉक्शन उतरल्याबरोबर त्यात चिमटीभर किसून घालावे आणि थंड झाल्यावर गाळून घ्यावे. वेलदोडा यात घालू नये, असे माझे मत आहे. तो जायफळावर कुरघोडी करतो.

आणि आपल्याला मिक्सरमधलीच दाट, फेसाळ कॉफी हवी असेल, तर बर्फाचे खडे बाजूला ठेवून डिकॉक्शन किंवा कडक इन्स्टंट कॉफीच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावी. असे तीन-चार खडे, एक पेला थंडगार दूध, पाक आणि हवे असल्यास व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा एवढेच मिक्सरमध्ये घालून, तुकडे मोडेपर्यंत थोडे थोडे थांबत फिरवावे. आता वितळते तीही कॉफीच असल्याने शेवटचा घोट पहिल्यापेक्षा फिका लागत नाही. घरातला मिक्सर जुना असेल, तर खडे आधी कापडात गुंडाळून बत्त्याने फोडून घ्यावेत, म्हणजे पाती बोथट होत नाहीत.